बोलविता धनी कोण ते आधी पासबुकात दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुम्ही वाचकांच्या पत्रांमध्ये एका गृहस्थांचं मोठं पत्र छापलंत. मुद्दा असा की युद्धं, महागाई, कोरोना, निवडणुका हे सगळं वरवरचं असतं, खरे बोलविते धनी दोन-चार घराणीच आहेत, रॉथशील्ड हे युरोपातलं बँकर घराणं आणि जॉर्ज सोरोस हा अमेरिकेतला अब्जाधीश ही त्यातली मुख्य नावं, दोन्ही ज्यू, आणि जगातल्या सगळ्या मध्यवर्ती बँका यांच्या खिशात. शेवटी "मी कुठल्याही धर्माच्या विरोधात नाही" अशी पुस्ती. माझी उभी हयात एका सरकारी बँकेत गेली, त्यामुळे बँकांबद्दल कोणी असं ठोकून दिलं की गप्प बसवत नाही, म्हणून हे पत्र. मोठं होणार आहे, आधीच सांगतो.

हाच मजकूर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण फिरतोय, खाली "जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा" असं लिहिलेलं. त्यात म्हटलंय की रॉथशील्डच्या मालकीची मध्यवर्ती बँक नसलेले देश जगात तीनच उरलेत, इराण, उत्तर कोरिया आणि क्यूबा. म्हणजे आपली रिझर्व्ह बँकही त्यांचीच झाली! अहो, रिझर्व्ह बँक १९३५ ला सुरू झाली तेव्हा खरंच खाजगी भागधारकांची होती, पाच कोटींचं भांडवल, शंभर-शंभर रुपयांचे शेअर. १ जानेवारी १९४९ ला तिचं राष्ट्रीयीकरण झालं आणि तेव्हापासून सगळेच्या सगळे शेअर भारत सरकारकडे आहेत, उरलेला नफा दरवर्षी सरकारला जातो, त्याची बातमी तुम्हीच छापता. बँक ऑफ इंग्लंड १९४६ ला सरकारी झाली. राहता राहिली फेड, म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक, तर तिचे शेअर तिथल्या सदस्य बँकांकडे असतात हे खरंय, पण ते विकता येत नाहीत, त्यावर किती डिव्हिडंड द्यायचा ते कायद्यानं बांधून दिलंय आणि उरलेला नफा अमेरिकन सरकारच्या तिजोरीत जमा होतो. हे काही गुपित नाही, वार्षिक अहवालात असतं, पण अहवाल कोण वाचतो, त्यात ऑक्टोपसचं चित्र नसतं ना.

ऑक्टोपसचं निघालंच आहे तर सांगतो. पृथ्वीच्या गोळ्याला विळखा घातलेला तो ऑक्टोपस आपल्याकडच्या फॉरवर्डमध्ये येतो, तो काही आजचा नाही. १८९४ साली अमेरिकेत सोनं की चांदी असा चलनाचा वाद पेटला होता, तेव्हा तिथे निघालेल्या एका खपाऊ पुस्तिकेत हे चित्र आहे, ऑक्टोपसवर नाव रॉथशील्डचं आणि सोंडा सगळ्या खंडांवर. शेतकरी कर्जानं पिचले होते ते खरं होतं, राग खरा होता, फक्त रागाला पत्ता चुकीचा दिला गेला. नंतर नाझींनी हाच ऑक्टोपस उचलला. आता तो व्हॉट्सॲपवर आलाय.

वॉटर्लूची गोष्टही तुमच्या वाचकानं दिलीय, की नेथन रॉथशील्डनं लढाई स्वतः पाहिली, वादळात खाडी ओलांडून लंडन गाठलं, नेपोलियन जिंकला अशी हूल उठवली आणि पडलेल्या भावात सगळा बाजार विकत घेतला. लढाई १८१५ ची. नेथन तेव्हा लंडनमध्येच होता. तो वारला १८३६ ला, आणि ही गोष्ट पॅरिसमध्ये एका चोपड्यात छापून आली १८४६ ला, म्हणजे माणूस मेल्यावर दहा वर्षांनी, आणि लिहिणाऱ्यानं स्वतःचं टोपणनाव घेतलं होतं "सैतान"! रॉथशील्डांनी नेपोलियनशी लढणाऱ्या वेलिंग्टनच्या सैन्याला सोनं पुरवलं होतं, हे खरंय. धंदेवाईक माणसं होती, एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या सरकारांना कर्जं देऊन गडगंज झाली, त्यावर टीका करायला कोणाची ना नाही. पण जग चालवणाऱ्या या घराण्याच्या व्हिएन्नातल्या शाखेशी जोडलेली बँक, क्रेडिटआनस्टाल्ट, १९३१ ला बुडाली आणि तिच्याबरोबर अर्धा युरोप गटांगळ्या खायला लागला. १९३८ ला हिटलरनं ऑस्ट्रिया घेतला तेव्हा त्याच शाखेचा लुई रॉथशील्ड वर्षभर गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, कैदेत होता आणि कारखान्यांसकट सगळी मालमत्ता लिहून दिल्यावर सुटला. जगाचे मालक म्हणे. स्वतःचं घर राखता आलं नाही त्यांना.

(एक फॉरवर्ड असंही आहे की फेडला विरोध करणारे तीन धनाढ्य संपवायला टायटॅनिक बुडवली. ॲस्टर, गुगेनहाइम आणि स्ट्राउस. त्या तिघांनी विरोध केल्याचा कागद कोणाकडे नाही, आणि त्यातले दोघे स्वतः ज्यू होते. म्हणजे ज्यूंनी ज्यूंना मारायला बर्फाचा डोंगर मॅनेज केला. यावर काय बोलणार.)

आता मुख्य गोष्ट. या सगळ्या फॉरवर्डांची गंगोत्री एकच आहे, "प्रोटोकॉल्स" नावाचा कागद. यात ज्यू म्हातारे गुप्त बैठकीत बसून जग कसं ताब्यात घ्यायचं याचा प्लॅन करतात, पेपर विकत घ्या, बँका घ्या, लोकशाहीच्या नावानं गोंधळ घाला वगैरे. हा मजकूर पहिल्यांदा १९०३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या एका पेपरात क्रमशः आला. पेपरचा मालक क्रुशेवान. याच माणसाच्या दुसऱ्या पेपरानं त्याच वर्षी तेव्हाच्या रशियातल्या किशिनेव शहरात आग लावली होती, एका ख्रिश्चन मुलाचा खून ज्यूंनी रक्तासाठी केला असं छापून, आणि एप्रिलमध्ये तिथे दंगल होऊन ४९ ज्यू मारले गेले. मुलाला त्याच्याच नातेवाइकानं मारलं होतं. आधी दंगल घडवली आणि काही महिन्यांत त्या दंगलीला साजेसा "पुरावा" छापला, असा हा क्रम आहे.

आणि संपादक म्हणून तुम्हाला यातलं पुढचं जास्त लागू पडेल. लंडनच्या "टाइम्स"नं मे १९२० मध्ये या कागदावर गंभीर चेहऱ्यानं लेख छापला होता, की हे खरं असेल तर? चौकशी व्हायला हवी! म्हणजे नुसता प्रश्न विचारला, दावा काही केला नाही, तीच आपल्याकडची पद्धत. सव्वा वर्षानं, ऑगस्ट १९२१ मध्ये, त्याच "टाइम्स"चा इस्तंबूलचा वार्ताहर फिलिप ग्रेव्ह्ज यानं मूळ पुस्तक शोधून काढलं. मोरिस जोली नावाच्या फ्रेंच वकिलानं १८६४ ला फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन याच्यावर उपहास लिहिला होता, मॅकियाव्हेली आणि माँतेस्क्यू हे दोन जुने राजकीय विचारवंत नरकात गप्पा मारतायत असा. त्यात ज्यू औषधालासुद्धा नाहीत. "प्रोटोकॉल्स"वाल्यानं मॅकियाव्हेलीच्या तोंडची वाक्यं घेतली, म्हाताऱ्यांच्या तोंडी घातली, बस. ग्रेव्ह्जनं दोन्ही मजकूर शेजारी शेजारी छापले, परिच्छेदाला परिच्छेद. आपल्याकडे आनंदीबाईच्या नावावर ध चा मा आहे, इथे तर अख्खं पत्रच दुसऱ्याच्या पुस्तकातून उतरवलेलं. "टाइम्स"नं स्वतःचीच चूक स्वतःच्याच पानावर इतक्या स्वच्छपणे दाखवली, याचं मला आजही कौतुक वाटतं.

मग संपलं का? छे. हेन्री फोर्ड, मोटारवाला, त्याचा स्वतःचा पेपर होता, त्यात १९२० पासून ९१ अंक हीच मालिका चालली आणि तो पेपर फोर्डच्या शोरूममधून वाटला जायचा. कोर्टात खेचल्यावर १९२७ ला त्यानं माफी मागितली, पण तोवर त्या मालिकेची पुस्तकं जर्मनीत पोचली होती. १९३८ ला त्याच्या पंचाहत्तरीला हिटलरच्या सरकारनं त्याला पदक दिलं, त्यानं ते घेतलं. १९३५ ला स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या कोर्टानं हा कागद बनावट म्हटला. हिटलरनं तर आधीच लिहून ठेवलं होतं की पेपरवाले ओरडतायत ना बनावट आहे म्हणून, हाच तो खरा असल्याचा पुरावा. याच्यापुढे तुम्ही कितीही फॅक्ट-चेक करा. पुरावा नाही, कारण त्यांनी लपवला. पुरावा उलटा निघाला, कारण त्यांनी पेरला. आमच्या बँकेत असा हिशेब कोणी दाखवला असता, की व्हाउचर नाही हाच व्यवहार झाल्याचा पुरावा, तर संध्याकाळच्या आत त्याचा टेबल बदलला असता.

म्हणून मला हे खरं की खोटं यापेक्षा दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, की ही गोष्ट सांगून फायदा कोणाचा होतो. यासाठी हंगेरीचं उदाहरण बघा, कारण तिथे ती गोष्ट बनवणाऱ्यांनीच नंतर सगळं सांगून टाकलंय.

व्हिक्टर ऑर्बान २०१० ला प्रचंड बहुमतानं निवडून आले. विरोधक गलितगात्र. आता निवडणूक लढवायची कोणाविरुद्ध? त्यांचे सल्लागार होते आर्थर फिंकेलस्टीन आणि जॉर्ज बर्नबाउम, अमेरिकन, निवडणुका जिंकून देणारे पगारी लोक, नेतन्याहूंच्या ओळखीनं आलेले. फिंकेलस्टीनचं सूत्र साधं होतं, की लोक तुमच्या उमेदवारासाठी मत देत नाहीत तर समोरच्याच्या विरोधात देतात, तेव्हा समोर कोणीतरी उभा करा. आधी परदेशी बँकर, नाणेनिधी, ब्रसेल्समधले युरोपीय संघाचे बाबू यांच्यावर तोफा डागून झाल्या, पण त्यांना चेहरा नव्हता. मग सोरोस सापडला. जन्म बुडापेस्टचा, पैसा अमेरिकेत, देणग्या उदारमतवादी संस्थांना, वय झालेलं, हंगेरीत राहत नाही, निवडणूक लढवणार नाही, पलटून उत्तर देणार नाही. शत्रू म्हणून याच्याइतका सोयीचा माणूस मिळणं नाही, हे बर्नबाउमनं नंतर मुलाखत देऊन सांगितलं, आणि आपण ज्यूविरोधी काही केलं नाही असंही सांगितलं. दोघेही स्वतः ज्यू. मला यात काही मोठा विरोधाभास वाटत नाही, धंदा म्हणून केलं त्यांनी. वकील नाही का कोणाचंही वकीलपत्र घेत.

२०१७ च्या उन्हाळ्यात देशभर पोस्टर लागली, हसरा सोरोस आणि खाली मजकूर की शेवटी याला हसू देऊ नका. काही ट्राममध्ये तर ही पोस्टर जमिनीवर चिकटवलेली, म्हणजे चढणारा-उतरणारा प्रत्येक माणूस त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर पाय देऊन जाणार. पोस्टरवर ज्यू हा शब्द कुठेही नव्हता. तो लोकांनी स्वतः पेनानं लिहिला, शिवी जोडून. इथे सगळी मेख आहे बघा, सरकारनं फक्त मोकळी जागा सोडली, भरणारे भरतातच. हंगेरीतल्या ज्यूंच्या संघटनेनं हात जोडले की हे थांबवा. इस्रायलच्या राजदूतानं निषेधाचं पत्रक काढलं, तर दुसऱ्याच दिवशी त्याच्याच परराष्ट्र खात्यानं खुलासा केला की सोरोसवर टीका करण्यात काही गैर नाही, कारण नेतन्याहू त्याच महिन्यात बुडापेस्टला जाणार होते. दोन महिन्यांनी नेतन्याहूंच्या मुलानं फेसबुकवर सोरोसचं असंच एक चित्र टाकलं, जगाचा गोळा टांगून धरलेला, आणि अमेरिकेतले निओ-नाझी टाळ्या वाजवायला लागले. चित्र काढून टाकावं लागलं.

आणि गंमत ऐका, याच ऑर्बानना १९८९ ला ऑक्सफर्डला शिकायला स्कॉलरशिप मिळाली होती ती सोरोसच्या संस्थेची. १९४४ ला हंगेरीतून आठेक आठवड्यांत चार लाखांवर ज्यू मृत्यूछावण्यांकडे पाठवले गेले, तेव्हा हा सोरोस १३ वर्षांचा, बुडापेस्टमध्ये खोट्या कागदपत्रांवर लपून वाचलेला. त्याच शहरात त्र्याहत्तर वर्षांनी त्याचा चेहरा ट्रामच्या फरशीवर. पुढे २०१८ ला "स्टॉप सोरोस" नावानं कायदाच झाला, निर्वासितांना अर्ज भरायला मदत करणं गुन्हा. सोरोसनं काढलेलं विद्यापीठ व्हिएन्नाला गेलं. या सगळ्या काळात हंगेरीत दवाखान्यांची काय दशा होती, सरकारी कंत्राटं कोणाच्या दोस्तांना मिळत होती, यावर पोस्टर लागलं नाही.

ही गोष्ट हंगेरीतच राहिली असती तरी एक वेळ ठीक. ऑक्टोबर २०१८ मध्ये होंडुरासहून काही हजार माणसं पायी अमेरिकेच्या दिशेनं निघाली, गरिबीला आणि टोळ्यांना कंटाळून. लगेच सोशल मीडियावर सुरू झालं की यांना पैसे सोरोस देतोय. टीव्हीवर आलं, खासदार बोलायला लागले. २२ ऑक्टोबरला सोरोसच्या न्यूयॉर्कजवळच्या घराच्या पोस्टाच्या पेटीत पाइप बॉम्ब सापडला. पाच दिवसांनी, शनिवारी सकाळी, अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, एक माणूस बंदूक घेऊन शिरला आणि त्यानं ११ जणांना मारलं. शिरायच्या काही मिनिटं आधी त्यानं ऑनलाइन लिहिलं होतं, की हायस ही ज्यू संस्था आमच्या लोकांना मारायला आक्रमक आणतेय. हायस म्हणजे निर्वासितांना मदत करणारी जुनी संस्था, एकोणिसाव्या शतकात रशियातून पळून आलेल्या ज्यूंसाठी सुरू झालेली, आता कोणत्याही धर्माच्या निर्वासितांसाठी काम करते. त्या इमारतीत तीन मंडळ्या प्रार्थनेला जमायच्या, त्यातल्या एकीनं हायसच्या कार्यक्रमात भाग घेतला होता, एवढंच निमित्त. मेलेल्यांत सगळ्यात मोठी बाई ९७ वर्षांची. ही जग चालवणारी माणसं! शनिवारी सकाळी वेळेवर येऊन बसणारी म्हातारी माणसं होती ती, आपल्याकडे काकड आरतीला येतात तशी. आणि चारच दिवसांनी ट्रम्पना पत्रकारांनी विचारलं की त्या तांड्याला सोरोस पैसे देतोय का, तर ते म्हणाले मला आश्चर्य वाटणार नाही, बरेच लोक तसं म्हणतात. बरेच लोक म्हणतात! या वाक्यावर कर भरावा लागत नाही म्हणून ते इतकं स्वस्त आहे.

आणि यात फक्त ज्यू मरतात असंही नाही. गोऱ्यांच्या जागी बाहेरचे आणून बसवण्याचा कट चाललाय ही जी थिअरी आहे, तिच्या नावानं २०१९ ला न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ मुसलमान मारले, २०२२ ला अमेरिकेत बफेलोच्या सुपरमार्केटमध्ये भाजीपाला घ्यायला आलेले १० काळे लोक मारले. बफेलोवाल्यानं लिहून ठेवलेल्या कागदात कटाचे सूत्रधार म्हणून परत ज्यूच.

आता कोणी म्हणेल हे सगळं उजव्यांचं. नाही हो. जानेवारी १९५३ ला मॉस्कोच्या "प्रावदा"नं जाहीर केलं की क्रेमलिनचे डॉक्टर, बहुतेक ज्यू, नेत्यांना विष देऊन मारतायत. मार्चमध्ये स्टालिन गेला, एप्रिलमध्ये तेच सरकार म्हणालं की काही नव्हतं, कबुल्या मारून घेतल्या होत्या. १९६८ ला पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारनं विद्यार्थ्यांच्या आंदोलनाचं खापर "झायोनिस्ट", म्हणजे इस्रायलवादी, लोकांवर फोडलं आणि सुमारे तेरा हजार ज्यू देश सोडून गेले, हिटलरपासून वाचलेले होते ते. हमासच्या १९८८ च्या सनदेत तर "प्रोटोकॉल्स"चा नावानिशी दाखला आहे, झारच्या रशियात शिजलेला माल गाझापर्यंत. ९/११ नंतर अफवा उठली की चार हजार ज्यू त्या दिवशी कामावर गेलेच नाहीत. चार हजार हा आकडा कुठून आला? हल्ला झालेल्या भागांत असू शकतील अशा इस्रायली नागरिकांची नावं इस्रायलच्या परराष्ट्र खात्याकडे गोळा झाली होती, नातेवाईक काळजीनं फोन करत होते, त्यावरून. लेबनॉनच्या एका चॅनेलनं तो आकडा उलटा फिरवला. प्रत्यक्षात त्या टॉवरांमध्ये शेकडो ज्यू मेले.

इथे एक शंका येईल म्हणून आधीच बोलतो. गाझात जे झालं ते बघून माझंही डोकं फिरतं, हजारो पोरं मेली, त्याचा जाब नेतन्याहू सरकारला आणि त्याला शस्त्रं देणाऱ्यांना विचारलाच पाहिजे, नाव घेऊन, तारीख घेऊन, कोणत्या दिवशी कोणता बॉम्ब पडला ते सांगून. त्याला ज्यूद्वेष म्हणणारे इस्रायलचे पुढारी स्वतःची कातडी वाचवतायत असं माझं स्पष्ट मत आहे. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं जे केलं तेही तितकंच नाव घेऊन सांगायला पाहिजे. पण गाझाचा राग म्हणून डिसेंबर २०२५ मध्ये सिडनीच्या बाँडाय बीचवर हनुका हा ज्यू सण साजरा करणाऱ्यांवर गोळ्या झाडायच्या, १५ माणसं मारायची, याचं समर्थन ग्रुपवर वाचलं तेव्हा मी त्या गृहस्थांना एवढंच विचारलं की त्या १५ जणांतलं कोण इस्रायलच्या मंत्रिमंडळात होतं. त्याच बीचवर एका बंदूकधाऱ्याच्या हातातून बंदूक हिसकावणारा माणूस सीरियातून आलेला मुसलमान दुकानदार होता हे त्यांना माहीत नव्हतं, कारण ते फॉरवर्डमध्ये नव्हतं.

आपल्याकडे लोक अभिमानानं सांगतात की भारतात ज्यूंना कधीच त्रास झाला नाही. बऱ्याच अंशी खरंय, आणि अभिमान वाटावा असंच आहे. मी ठाण्याचा. टेंभी नाक्यावरचं सिनेगॉग १८७९ पासून उभं आहे. कोकणातले आपले ज्यू म्हणजे बेने इस्राएल, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली, आडनावं गावावरून आणि घरात बोलणं मराठी. आमच्या ब्रँचमध्ये एक होते, त्यांच्याकडे मलिद्याला जायचो आम्ही सगळे, पोहे, नारळ, गूळ, वर फळं, एलियाहू हनबी या प्रेषिताच्या नावानं. जगभरचे ज्यू एकदिलानं कट करतात म्हणणाऱ्यांनी यांचीच हकिकत वाचावी. ही मंडळी इस्रायलला गेली तर तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी साठच्या दशकात यांच्याशी लग्न लावायला आडकाठी घातली, वंशावळ तपासा म्हणे. मराठी ज्यूंनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, आंदोलन केलं, तेव्हा १९६४ ला सरकारनं जाहीर केलं की हे सर्वार्थानं ज्यू आहेत. आपसात लग्नाचा प्रश्न सुटत नव्हता आणि हे म्हणे जगाचा कारभार एकमतानं करतात.

पण त्रास दिला नाही म्हणजे विष इथे येत नाही असं नाही. रस्त्यावरच्या पुस्तकांच्या ढिगात हिटलरचं आत्मचरित्र व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी असतं आणि खपतं. २००६ ला खारघरला हिटलरच्या नावानं हॉटेल निघालं होतं, ओरड झाल्यावर नाव बदललं. मालकाच्या डोक्यात ज्यूद्वेष होता असं मला वाटत नाही, त्याला फक्त ते नाव झकास वाटलं. याच भोळेपणानं आपण ऑक्टोपस फॉरवर्ड करतो. आणि २६/११ ला कुलाब्याच्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रात मारेकरी मुद्दाम शोधत गेले होते, हे मुंबईकरांना तरी सांगायची गरज पडू नये.

सोरोसचं नाव आपल्याही राजकारणात आता सवयीचं झालंय, डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्यावरून संसद बंद पडली. परदेशी पैसा कोणत्या संस्थेला येतो हे विचारणं चुकीचं नाही, त्यासाठी कायदा आहे आणि सरकारनं त्याच्या संस्थेवर पूर्वपरवानगीची अट आधीच घातलेली आहे. त्या माणसावर टीका करायला जागाही भरपूर आहे. १९९२ ला पौंड पडणार यावर पैज लावून त्यानं एका झटक्यात अब्जभर डॉलर कमावले आणि तोटा इंग्लंडच्या करदात्यांनी सोसला. फ्रान्सच्या कोर्टानं त्याला २००२ ला इनसायडर ट्रेडिंगमध्ये दोषी धरलं. करा ना यावर टीका, मीही करेन, सट्टेबाजांबद्दल बँकवाल्यांना फार प्रेम नसतं. फक्त रक्कम सांगा, साल सांगा, कोणत्या संस्थेच्या कोणत्या खात्यात गेली ते सांगा. आमच्याकडे अशिक्षित खातेदारसुद्धा काउंटरवर पासबुक पुढे करून बोट ठेवायचा, "साहेब, हे तीनशे कुठं गेले?" म्हणून. एवढी अपेक्षा जगाचं कोडं सोडवलेल्या गृहस्थांकडून करायला हरकत नसावी.

तुमच्याकडूनही एक अपेक्षा आहे. मतस्वातंत्र्य म्हणून ते पत्र तुम्ही छापलंत, ठीक आहे, पण रिझर्व्ह बँकेची मालकी कोणाची हे मत नाही, ती माहिती आहे, आणि ती चुकीची छापली गेलीय. त्याचा खुलासा तेवढ्याच टायपात यावा. माझं पत्र जागेअभावी कापावं लागेल हे समजतं. टायटॅनिक कापा, फोर्ड कापा, मलिदाही कापलात तरी चालेल, पण हंगेरीचा भाग तेवढा पूर्ण ठेवा.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे